जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरची ओळख

आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. ज्ञानसत्रात वेदान्त यावा, अर्थशास्त्र यावे, फार तर अणुशक्ती यावी, पण रिव्हॉल्व्हर? तथापि विषय वाटतो तितका परका नाही. आपल्याकडे इतिहासाचे संशोधक ताम्रपट किंवा नाणे हाती आले म्हणजे काय करतात? धातू पाहतात, घडण पाहतात, अक्षरांचे वळण पाहतात, मग त्यावरील शक वाचतात, आणि शेवटी हे सारे एकमेकांशी जुळते का ते तपासतात. जुन्या हत्याराची ओळखही नेमकी याच रीतीने पटवावी लागते. फरक एवढाच की ताम्रपट चुकीचा वाचला तर एखादा राजा दहा वर्षे पुढेमागे होतो. हत्यार चुकीचे वाचले तर माणसाचा हात जातो.

प्रथम ही हत्यारे बाजारात आली कशी ते पाहू. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि निरनिराळ्या देशांच्या कोठारांत लाखो रिव्हॉल्व्हरे पडून राहिली. सैन्याने नवी पिस्तुले स्वीकारली, तसा हा जुना माल घाऊक व्यापाऱ्यांना विकला गेला. त्यातला फार मोठा भाग अमेरिकेत पोचला. तेथे त्या काळी वर्तमानपत्रातील कूपन भरून टपालाने हत्यार मागवता येत असे. ग्राहकाच्या हाती पडे ते केवळ पोलाद; त्याचे कूळ सांगणारा कागद बरोबर नसे. विकणारा जे सांगेल तेच त्याचे चरित्र!

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून असे हत्यार बाळगणे हा गुन्हा आहे. आजोबांच्या पेटीत एखादे सापडलेच, तर ओळख पटवीत न बसता पोलीस ठाण्यात कळवावे, हाच शहाणपणा. जेथे ते कायदेशीरपणे विकत घेता येते, तेथेही पहिला नियम एकच: ते भरलेले आहे असेच धरून चालावे. नळी कोणाकडेही न रोखता, चापावर बोट न ठेवता ते उघडावे आणि प्रत्येक घर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावे. ओळखीचा प्रारंभ त्यानंतर.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे घडण. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात असतात. हे चक्र भरण्यासाठी हत्यार कसे उघडते, यावरून त्याचे घराणे कळते. काही रिव्हॉल्व्हरे मधोमध मोडल्यासारखी खाली वाकतात आणि वाकताना रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर फेकतात. ही ब्रिटिश पद्धत: वेब्ली आणि एन्फील्ड यांची. काहींचे चक्र डाव्या बाजूला बाहेर झुकते. ही अमेरिकन पद्धत: स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट यांची. तिसऱ्या प्रकारात चक्र जागचे हलत नाही. बाजूचे एक झाकण उघडून एकेक काडतूस आत सरकवावे लागते. रशियाचे १८९५ सालचे नागांत असे आहे. त्याला सहाऐवजी सात घरे असतात, आणि घोडा मागे जाताना चक्र पुढे सरकून नळीला चिकटते, जेणेकरून फटीतून वायू निसटू नये. एवढे पाहिले की निम्मे काम झाले.

पण निम्मेच. कारण एकाच घराण्यातील भावंडे फसवतात. वेब्ली कंपनीचे ०.३८ चे रिव्हॉल्व्हर आणि एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचे ‘नंबर २’ ही दोन्ही शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. हे साम्य इतके होते की वेब्ली कंपनीने सरकारवर २२५० पौंडांचा दावा सांगितला आणि तिला १२५० पौंड मिळाले. अशा वेळी दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे ठशांकडे वळावे लागते.

ब्रिटिश लष्करी हत्यारावर ठशांची गर्दी असते. त्यातला सर्वांत जुना आणि सोपा ठसा म्हणजे तीन रेघांचा बाण. हा सरकारी मालकीचा शिक्का. असे दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले असतील, तर हत्यार सरकारने रीतसर विकून टाकले असा त्याचा अर्थ. एन्फील्डच्या उजव्या बाजूला मुकुट, कारखान्याचे नाव, जात आणि वर्ष कोरलेले असते. जातीच्या आकड्यापुढे चांदणी असेल, तर ती १९३८ नंतरची आवृत्ती; हिच्या घोड्याचे मागचे शिंग कापलेले असते, म्हणजे रणगाड्यातून उतरताना ते कशात अडकू नये. येथे ठसा आणि घडण यांची साक्ष जुळली पाहिजे. चांदणी आहे पण शिंगही आहे, तर मधल्या काळात कोणी तरी हात फिरवला आहे असे समजावे.

दुसरे ठसे परीक्षागृहाचे. ब्रिटनमध्ये नागरी बाजारात येणाऱ्या प्रत्येक हत्याराची जादा दाबाच्या काडतुसाने परीक्षा घेण्याचा कायदा आहे. लंडन आणि बर्मिंगहॅम येथे त्यासाठी परीक्षागृहे आहेत, पैकी बर्मिंगहॅमचे १८१३ सालचे. अमेरिकेत बनून ब्रिटनला गेलेल्या आणि तेथून विकल्या गेलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर ०.३८, ०.७६७ इंच, साडेतीन टन असे आकडे दिसतात. पहिला आकडा नळीच्या मापाचे नाव, दुसरा पुंगळीची लांबी आणि तिसरा दर चौरस इंचाला सोसावयाचा दाब. हे तीन आकडे म्हणजे हत्याराची जन्मपत्रिकाच. त्यातला मधला आकडा विसरू नका. त्याची गरज पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी क्रमांकाची. स्मिथ अँड वेसन कंपनीचे क्रमांक १९४२ मध्ये दहा लाखांवर पोचले, तेव्हा तिने व्हिक्टरीचे आद्याक्षर ‘व्ही’ लावून नव्याने एकपासून मोजणी सुरू केली. याच नावाची ही रिव्हॉल्व्हरे साडेपाच लाखांहून अधिक संख्येने ब्रिटन व त्याच्या मित्रदेशांना गेली. एक भरलेले रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी तक्त्यावर पडून उडाले आणि एक खलाशी ठार झाला. तेव्हा आत नवा अडसर बसवण्यात आला आणि क्रमांकामागे ‘एस’ हे अक्षर वाढले. म्हणजे एका अक्षरावरून हे हत्यार पडल्यास कितपत सुरक्षित, तेही कळते. क्रमांक मुठीच्या तळाशी, चक्राच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूस असतो. तिन्ही एकच असतील तर अवयव मूळचे. नसतील तर ते दोनतीन हत्यारांचे मिळून झाले आहे. कंपनीच्या जुन्या वह्या शिल्लक आहेत, आणि फी भरल्यास अमुक क्रमांक कोठे रवाना झाला हे त्यांवरून कळवले जाते.

आता सर्वांत धोक्याची चौथी पायरी: काडतूस कोणते? लोक ‘अडतीस’ म्हणतात आणि निश्चिंत होतात. वस्तुतः ‘३८ स्मिथ अँड वेसन’ आणि ‘३८ स्पेशल’ ही दोन निराळी काडतुसे आहेत. पहिले आखूड आणि किंचित जाड, दुसरे १.१५५ इंच लांब आणि किंचित बारीक, पण जोरकस. ब्रिटनला गेलेली व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरे पहिल्यासाठी होती. परंतु अमेरिकन बाजारात दुसरे सहज मिळे. म्हणून व्यापाऱ्यांनी चक्रातील घरे पुढून खोल कोरून घेतली. लांबी वाढली, पण मागचा रुंदपणा कसा कमी होणार? परिणामी बारीक पुंगळी रुंद घरात फुगते, कधी फाटते. नळीवर ०.७६७ असताना लांब काडतूस आत बसत असेल, तर हा फेरफार झाला आहे हे निश्चित. वेब्लीच्या १९१५ च्या सहाव्या जातीचीही हीच गत. ०.४५५ साठी केलेल्या चक्राची पाठ तासून त्यात अमेरिकन ०.४५ पिस्तुलाचे काडतूस बसवले गेले. त्याचा दाब मूळ परीक्षेच्या मर्यादेपलीकडे जातो. काडतूस आत बसले म्हणजे ते योग्य, हा समज घातक आहे. शंका असल्यास जाणत्या कारागिराकडून घरांची मापे घ्यावीत; तोवर हत्यार उडवू नये.

काडतुसाच्या बुडावरही लेख असतो. तेथे ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे व मध्ये बाण आढळला, तर आपल्याला कौतुक वाटायला हरकत नाही. कारण ते पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ साली निघालेल्या दारूगोळा कारखान्याचे चिन्ह आहे.

ही सारी चिकित्सा केवळ छंदाची नाही, हे एका प्रसिद्ध प्रकरणावरून ध्यानात येईल. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अध्यक्ष केनेडी यांचा रायफलीने खून झाला. त्यानंतर पाऊण तासाने टिपिट नावाचा पोलीस अधिकारी रिव्हॉल्व्हरने मारला गेला. ओस्वाल्डला पकडले तेव्हा त्याच्याजवळ सापडले ते व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर, क्रमांक व्ही ५१०२१०. ते मूळ आखूड काडतुसाचे. पुढे माँट्रियलच्या व्यापाऱ्याकडून लॉस एंजेलिसला आले. नळी कापून सव्वादोन इंच केली, घरे कोरली आणि त्याच वर्षी खोट्या नावाने टपालातून ते २९ डॉलर ९५ सेंटला विकले गेले. क्रमांकावरून हा प्रवास उलगडला.

परंतु गोळ्यांनी तज्ज्ञांना अडवले. घरे बदलली होती, नळी जुनीच होती. तिच्या मानाने गोळ्या बारीक, त्यामुळे त्या नळीतून डगमगत गेल्या आणि त्यांवर सारख्या खुणा उमटल्या नाहीत. सरकारी तज्ज्ञांनी, गोळ्या याच नळीच्या असे म्हणता येत नाही, अशी साक्ष दिली. दुसऱ्या एका तज्ज्ञाला चारांपैकी एक गोळी जुळवता आली. घटनास्थळी मिळालेल्या चार पुंगळ्यांवर मात्र याच रिव्हॉल्व्हरच्या खुणा निःसंशय आढळल्या. ज्याने घरे कोरली त्या कारागिराला, आपण एका पुराव्याचे मूल्य कमी करीत आहोत, याची कल्पनाही नसेल.

अमेरिकेने १९६८ साली कायदा करून असा टपाली व्यापार बंद केला. कोठारातून निघालेला जुना माल निरुपद्रवी असतो, हा भ्रम तोवर पुष्कळ महाग पडला होता. म्हणून क्रम ध्यानात ठेवावा: आधी रिकामे करणे, मग घडण, मग ठसे, मग क्रमांक, आणि सर्वांत शेवटी काडतूस. या पाचांची साक्ष एक झाली तरच ओळख पटली म्हणावे. एक जरी फुटली, तर विकणाऱ्याच्या कहाणीपेक्षा त्या फुटलेल्या साक्षीवर अधिक विश्वास ठेवावा.