मिठागरांचं घाटकोपर

घाटकोपर हे साष्टी बेटावरचं, ठाणे खाडीच्या काठचं गाव. घाटाचा कोपरा म्हणून घाटकोपर, ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी आहे. शेजारी किरोळ गाव, पश्चिमेला टेकड्या, पूर्वेला खारफुटी आणि मिठागरं.

इथला जुना धंदा मिठाचा. भरतीचं पाणी बांधांमधून उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि तळाशी धरलेले खडे फळीने ओढून बांधावर ढीग करायचे. पाऊस लागला की काम बंद, म्हणजे वर्षाची कमाई कोरड्या महिन्यांतच.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे ही पहिली आगगाडी इथूनच गेली. रेल्वेमुळे शहर जवळ आलं आणि कच्छी, गुजराती व्यापारी कुटुंबं मोठ्या संख्येने इथे स्थिरावली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला. घाटकोपर-किरोळची वेगळी नगरपालिका होती. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत वाढली आणि घाटकोपर मुंबईत आलं. पुढे आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, कडेने कारखाने वाढले, पंतनगरात वसाहत झाली आणि टेकड्यांवर कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्या चढल्या. कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर दिसतात. संध्याकाळी पूर्वेच्या खाऊगल्लीत डोशाच्या तव्यांभोवती उभं राहायला जागा नसते.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. पूर्व-पश्चिम उपनगरं जोडणारी ही मुंबईची पहिली मेट्रो, आणि तिचं पूर्वेकडचं शेवटचं स्थानक घाटकोपर.