घाटातली सायकल

पोलादपूर हे गाव डोंगरांच्या कुशीत बसलेले आहे. महाडहून येणारा मुंबई-गोवा महामार्ग येथून कशेडीच्या डोंगराकडे वळतो. तेथे आता बोगदा झाला आहे. दुसरा रस्ता पूर्वेस आंबेनळी घाट चढून, प्रतापगडाच्या बाजूने, महाबळेश्वरास जातो. महाडहून भोरकडे जावयाचे तर वरंध घाट लागतो, आणि उत्तरेस रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचाडास जावयाचे तरी चढ चुकत नाही. सावित्रीच्या पाण्यावरून एके काळी भरतीच्या वेळी गलबते महाडपर्यंत येत. यावरून हा मुलूख समुद्रसपाटीपासून किती थोडा उंच आहे, हे ध्यानात येईल. महाबळेश्वर मात्र सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. अशा मुलखात राहणाऱ्या मुलाने सायकल घ्यावयाची, तर ती कशी पाहून घ्यावी?

हा प्रश्न गेल्या वैशाखात माझ्यापुढे आला. माझा एक जुना विद्यार्थी महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. त्याचा मुलगा आठवीत गेला. शाळा घरापासून पाच-सहा किलोमीटर दूर, मध्ये एक खिंड. वडिलांनी वर्षभर पैसे साठवले होते. "सर, तुम्ही बरोबर चला. हा माझे ऐकत नाही, तुमचे ऐकेल," असे म्हणून त्यांनी मला दुकानात नेले. मुलाचे मन आधीच एका सायकलीवर बसले होते. तिला पुढे-मागे जाड स्प्रिंगा होत्या, टायर बैलगाडीच्या धावेसारखे रुंद होते आणि अंगावर ज्वाळांची चित्रे होती. किंमत बेताचीच होती. मी त्यास म्हटले, "एका हाताने दांडी धरून उचल पाहू." त्याने उचलली, आणि लगेच खाली ठेवली. अशा सायकलीचे वजन अठरा-वीस किलोपर्यंत जाते. खिंडीचा चढ चढताना हे वजन त्यालाच वर न्यावयाचे होते. शिवाय मागची स्प्रिंग हलक्या प्रतीची असली, म्हणजे पायाने दिलेल्या जोराचा काही भाग तिला दाबण्यातच खर्च होतो. सायकल बेडकासारखी वरखाली होते आणि पुढे थोडीच जाते. स्प्रिंगा मुळीच वाईट असतात असे नव्हे. चांगल्या स्प्रिंगा महाग असतात. आणि स्वस्त सायकलीला लावलेल्या महाग दिसणाऱ्या वस्तूकडे संशयानेच पाहावे, असे माझे मत आहे.

ज्यास आपण डोंगरी सायकल म्हणतो, तिचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील मरीन या डोंगराळ भागात झाला. 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुण जुन्या, जड, रुंद टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने वेगाने खाली उतरत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पायडल उलटे दाबले की लागे. एका उतारातच तो ब्रेक इतका तापे की तुंब्यातील वंगण जळून त्याचा धूर होई, आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. यावरूनच 1976 साली तेथे सुरू झालेल्या शर्यतीचे नाव 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. पुढे 1977 साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बांधला. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम घेण्यात आली. म्हणजे या सायकलीचा सारा इतिहास ब्रेकपासूनच सुरू होतो म्हणा ना!

ब्रेक का तापावा? चाळीस किलोचा मुलगा, पंधरा किलोची सायकल आणि पाच किलोचे दप्तर, असे साठ किलो वजन महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरते आहे असे समजू. एवढे वजन इतक्या उंचीवर असताना त्यात जी शक्ती साठलेली असते, ती खाली येईपर्यंत कोठे तरी खर्च झालीच पाहिजे. हिशेब केला तर तिच्यापासून मिळणारी उष्णता दोन लिटरांहून अधिक पाणी उकळी येईपर्यंत तापवील. त्यातील काही भाग वाऱ्याशी झगडण्यात जातो. जो सावकाश, वेग आवरून उतरतो, त्याच्या बाबतीत मात्र उरलेली बहुतेक उष्णता ब्रेकच्या चार लहान तुकड्यांनी आणि ते ज्या धातूवर घासतात त्या धातूने सोसावयाची असते. म्हणून लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत. थोडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे, आणि मध्ये एखाद्या रुंद वळणावर थांबून त्यांस निवू द्यावे.

पावसात तर आणखी एक अडचण येते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकची रबरे चाकाच्या रिमवर दाबली जातात. रिम ओली असली की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि रबर निसटते. चाकाचे काही फेरे होऊन पाणी पुसले गेल्यावरच ते पकड घेते. तेवढ्यात सायकल कितीतरी पुढे गेलेली असते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. चोविसाव्या वर्षी, नवा नवा शिक्षक असताना, भाद्रपदातल्या एका संध्याकाळी भाड्याची सायकल घेऊन मी घाट उतरत होतो. वळण दिसले, ब्रेक दाबले, आणि काहीच झाले नाही. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगराच्या कडेचे गटार. मी गटार पत्करले. गळपट्टीचे हाड मोडले. तो खांदा आजही पाऊस येणार असल्याची वर्दी मला आभाळाच्या आधी देतो.

डिस्क ब्रेकमध्ये हा दोष कमी असतो. त्याची चकती चाकाच्या मध्याशी असते, त्यामुळे रस्त्यावरचा चिखल तेथे सहसा पोहोचत नाही, आणि पाणीही लवकर झटकले जाते. यात काही ब्रेक तेलाच्या दाबाने चालतात, काही साध्या तारेने. तेलाचे अधिक चांगले. पण ते बिघडले तर दुरुस्त करणारा आसपास पाहिजे. तारेचे ब्रेक गावातला कोणताही कारागीर नीट करून देतो. आम्ही तारेचेच निवडले. दुकानातच त्यांची परीक्षा घेता येते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये, उलट मागचे चाक उचलले गेले पाहिजे. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबला तरी तो हॅण्डलला टेकता कामा नये. उतारावर शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. परंतु तो एकटा आणि एकदम दाबला तर स्वार हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत आणि अंग थोडे मागे न्यावे.

आता गियर. गियर जास्त म्हणजे सायकल चांगली, असे मुलांना वाटते. संख्येपेक्षा दात्यांकडे पाहावे. पुढच्या चक्रास 42 दाते आणि मागच्यास 14 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन वेळा फिरते. सव्वीस इंची चाकाची सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण साखळी पुढे 24 आणि मागे 32 दात्यांवर चढवली, तर त्याच एका फेऱ्यात चाकाचा पाऊणच फेरा होतो आणि सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. अंतर चौथाई झाले, त्याबरोबर पायाला लागणारा जोरही चौथाईवर आला. खिंडीतला चढ याच्याच बळावर चढतात. म्हणून डोंगराळ भागात सायकल घेताना मागचे सर्वांत मोठे चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढे किंवा त्याहून मोठे आहे की नाही, हे मोजून घ्यावे. दुकानदार हसला तरी मोजावे. आमचा दुकानदार हसलाच. गियर बदलावयाचा तो चढ लागण्यापूर्वी. पूर्ण जोर लावलेला असताना बदलला तर साखळी उतरते किंवा तुटते.

सांगाडा अंगाला बेतशीर हवा. दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून उभे राहिले असता मध्ये चार बोटे तरी जागा उरावी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. "पुढच्या वर्षी उंच होईल" म्हणून मोठी सायकल घेणारे पालक पुष्कळ असतात; शाळेचा गणवेश मोठा घेतला तर हसू होते, सायकल मोठी घेतली तर अपघात होतो.

हेल्मेटच्या आत जो हलका फेस असतो, तो आपटल्यावर स्वतः चिरडून डोक्याला बसणारा धक्का झेलतो. एकदा चिरडला की तो पुन्हा उभा राहत नाही. म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट वरून साजरे दिसले तरी टाकून द्यावे. ते भुवयांच्या किंचित वर, आडवे बसावे. मागे कलंडलेले हेल्मेट टोपीसारखे शोभते, एवढेच.

पावसाच्या कपड्यांविषयी मला थोडे अधिक सांगावयाचे आहे, कारण या बाबतीत लोक फार पैसे वाया घालवतात. आपल्या आजोबा-पणजोबांजवळ बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. भातलावणी करताना ते डोक्यावरून पाठीवर येई. खालून ते उघडे असल्यामुळे वारा खेळे आणि घाम साचत नसे. धनगरांजवळ घोंगडी असे. लोकरीचा गुण असा की ती ओली झाली तरी ऊब टिकवते. सुती कापड ओले झाले की अंगाची ऊब ओढून घेते आणि लवकर वाळत नाही. इरले पांघरून सायकल चालवता येणार नाही हे खरे, परंतु त्यातील युक्ती घेण्यासारखी आहे. प्लॅस्टिकचा बंद रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो, तसा आतला घामही अडवतो. चढ चढून आलेला मुलगा आतूनच भिजतो. यावर उपाय म्हणून एक महागडे कापड मिळते. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. युक्ती नामी आहे. मात्र वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी पाहिजे, आणि आषाढातील पोलादपूरची हवा कशी असते हे तुम्ही जाणताच! तेथे त्या कापडाचा गुण पुष्कळसा वाया जातो. त्यापेक्षा काखेत आणि पाठीवर झरोके असलेला साधा रेनकोट घ्यावा, आत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा सदरा घालावा, आणि कोरडे कपडे व वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग दप्तरात ठेवाव्यात. रंग पिवळा किंवा केशरी असावा. घाटात धुके उतरले की काळा रेनकोट मोटारचालकास दिसतच नाही. म्हणून पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवाही हवा.

बुटांचा तळ खाचांचा आणि मऊ रबराचा पाहावा. कठीण तळ दिसण्यात दणकट असतो, पण शेवाळ धरलेल्या काळ्या कातळावर तोच घसरतो. पाठीवरच्या पिशवीत पंक्चर काढण्याचे साहित्य, लहान पंप, पाने, एक जादा ट्यूब, शिट्टी, पाणी आणि गूळ-शेंगदाणे एवढे पुरे.

कोणत्याही साहित्याचा जेथे उपयोग नाही, असेही दिवस असतात. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच पावसात दरडींनी बळी घेतले. उतारावरील माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. मग ती वस्ती पाहत नाही की रस्ता पाहत नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी सायकल पडवीतच राहावी, असे मी त्या मुलाकडून दुकानातच कबूल करून घेतले.

पडवीतही ती आडोशाला, शक्य तर आढ्याला टांगून ठेवावी. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतोच. पावसातून आल्यावर चिखल साध्या पाण्याने धुवावा. पण मोटारी धुण्याच्या पंपाचा झोत तुंब्यावर मारू नये, कारण त्याने आतले वंगण निघून जाते. साखळी फडक्याने कोरडी करावी, प्रत्येक सांध्यावर सायकलीच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे जादा तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर माती चिकटून साखळी कानशीसारखी झिजते. घरातले खोबरेल वापरू नये. ते पुढे चिकट होते, आणि घरात ओरडा बसतो तो वेगळाच.

आम्ही अखेर एक राखाडी, बिनचित्रांची सायकल घेतली. घरी येईपर्यंत मुलगा माझ्याशी बोलला नाही. परवा दिवाळीच्या सुट्टीत तो आपण होऊन माझ्याकडे आला आणि त्याने एका डबीतून ब्रेकचे दोन झिजलेले तुकडे काढून टेबलावर ठेवले. पावसाळ्याभरात ते निम्म्याहून अधिक संपले होते. नवे त्याने स्वतःच बसवले होते. "सर, हे संपले तेव्हा खिंडीत करकर आवाज येत होता. मी उतरून सायकल हातात धरून खाली आलो," असे म्हणून त्याने एका तुकड्यात रुतलेला बारीक खडा नखाने उकरून मला दाखवला.