शुक्राची साक्ष आणि झाडांचा निवाडा

बॅबिलॉनचा राजा हम्मुराबी गादीवर केव्हा बसला? इतिहासाच्या पुस्तकांत याचे उत्तर बहुधा इ.स.पू. १७९२ असे छापलेले असते. अभ्यासकांनी मात्र इ.स.पू. १८४८, १७२८ आणि १६९६ अशी आणखी तीन उत्तरेही गंभीरपणे मांडली आहेत. त्याने ४३ वर्षे राज्य केले, याबद्दल वाद नाही. त्याच्यामागून कोण आले आणि हित्ती राजा मुर्शिली याने बॅबिलॉन लुटेपर्यंत किती काळ गेला, हेही बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. कारण तिथे प्रत्येक वर्षाला एखाद्या ठळक घटनेवरून नाव देत आणि त्या नावांच्या याद्या ठेवत. वाद आहे तो हा अख्खा सांधलेला तुकडा आपल्या कालरेषेवर नेमका कुठे बसवायचा याचा. तो आकाशाने मिटवावा, अशी अपेक्षा गेली शंभर वर्षे बाळगली गेली. माझे म्हणणे असे की आकाश निकाल देत नाही, पर्याय देते. त्यांतून निवड करायची ती मातीतून आणि लाकडातून निघालेल्या पुराव्याने. बॅबिलॉनला हे जितके लागू आहे, तितकेच वेदांच्या आणि महाभारताच्या काळाबद्दल आपल्याकडे चालणाऱ्या वादालाही.

निनवे येथील असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहात मातीची एक पाटी सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शुक्र पूर्वेला केव्हा उगवला, केव्हा दिसेनासा झाला, मग पश्चिमेला केव्हा प्रकटला, अशा सुमारे २१ वर्षांच्या नोंदी तीत आहेत आणि प्रत्येक नोंदीला शुभाशुभ फळ जोडलेले आहे. पाटी इ.स.पू. सातव्या शतकातली, पण ती प्रत आहे, मूळ नोंदी त्याहून कितीतरी जुन्या. १९१२ साली फ्रान्झ क्सावेर कूग्लर या जर्मन विद्वानाच्या लक्षात आले की मजकुरात मध्येच आलेला सुवर्णसिंहासनाच्या वर्षाचा उल्लेख हा हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मिसदुका राजाच्या आठव्या वर्षाचे नाव आहे. एवढ्या एका ओळीने शुक्राची नोंदवही राजवंशाच्या यादीला जोडली गेली. आता शुक्राची गणिते मागे नेली की साल हाती यावे, असे वाटणे साहजिक होते.

पण शुक्राचा फेरा या कामाला आड येतो. तो सुमारे ५८४ दिवसांनी सूर्याशी पुन्हा त्याच स्थितीत येतो. असे पाच फेरे म्हणजे जवळजवळ आठ वर्षे. बॅबिलॉनच्या चांद्र पंचांगाने मोजले तर ९९ महिन्यांना हे पाच फेरे फक्त चार दिवसांनी कमी पडतात. म्हणजे दर आठ वर्षांनी शुक्राचे उदय-अस्त जवळपास त्याच तिथीला, फार तर चार दिवस अलीकडे. हे चार-चार दिवस साठत जाऊन ५६ किंवा ६४ वर्षांत एक चांद्रमास भरतो आणि साऱ्या नोंदी पुन्हा मूळ तिथ्यांवर येऊन बसतात. अम्मिसदुकाचे पहिले वर्ष इ.स.पू. १७०२, १६४६ की १५८२, असा प्रश्न त्यामुळेच उरतो. या तीन सालांमधली अंतरे पाहा: ५६ आणि ६४. गणित चुकलेले नाही. ते एकाच प्रश्नाला अनेक खरी उत्तरे देते. त्यात नकलाकारांच्या हातून झालेल्या चुकांची भर पडल्याने कोणते उत्तर अधिक जुळते हेही ठामपणे ठरत नाही.

आकाश कधी एकट्याने निकाल देतच नाही, असे मात्र नाही. असीरियात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत. त्यांतल्या बुर-सगालेच्या वर्षी, सिमानू महिन्यात सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे. ते इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचे, हे निश्चित करता आले आणि त्याच्या आधाराने इ.स.पू. ९१० पर्यंतची वर्षे जागच्या जागी बसली. पण इथेही एका अखंड यादीने शोधाचा पट्टा आधीच अरुंद केला होता. ग्रहणाने शेवटचे बोट ठेवले.

यावर एक मुळावरच येणारा आक्षेप घेतला जातो. ही सारी गणिते ग्रह तेव्हाही आजच्यासारखेच फिरत होते असे धरून चालतात, ते कशावरून? १९५० साली इमॅन्युएल वेलिकोव्स्की यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडले की शुक्र हा गुरूमधून बाहेर फेकला गेलेला धूमकेतू होता, इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो पृथ्वीच्या जवळून गेला, प्रलय माजला, वर्षाची लांबीही बदलली. अनेक प्राचीन संस्कृतींत ३६० दिवसांचे वर्ष आढळते, हा त्यांचा एक पुरावा. आक्षेप घेण्याचा हक्क मान्य करूनही त्याची उत्तरे द्यायला हवीत. ती शुक्राच्या पाटीतच आहेत. नकलेच्या चुका बाजूला काढल्या की आठ वर्षांत पाच फेऱ्यांचा तोच ताल तिच्यात दिसतो, आणि तो पाहण्यासाठी कोणतेही साल आधी गृहीत धरावे लागत नाही. ३६० दिवसांचे म्हणाल, तर तो हिशेबाच्या सोयीचा आकडा होता. इजिप्तने त्याला पाच दिवस जोडले. आपल्या वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचे युग १८३० दिवसांचे आहे, म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचे; त्यात ६२ चांद्रमास बसवण्यासाठी दोन अधिकमास घातलेले आहेत. ज्यांनी ही जोड घातली त्यांना खरे वर्ष ३६० दिवसांचे नाही हे पक्के ठाऊक होते. शिवाय युरोपातल्या ओक आणि पाइन वृक्षांच्या वार्षिक वलयांची साखळी बारा हजार वर्षांहून लांब आहे. ती दर वर्षाला एक वलय अशी अखंड चालते. पृथ्वी हादरल्याची खूण तीत नाही.

आकाशातून आपत्ती येतच नाहीत, असा याचा अर्थ नाही. १९०८ मध्ये सायबेरियात तुंगुस्का येथे आकाशात झालेल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे केले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर उल्केच्या आघातानेच झाले. त्याच्या वयाचा वाद बोलका आहे: एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार. अकरा पटींचा हा फरक खडकातल्या पुराव्याचा आहे, दंतकथांचा नाही. म्हणजे जमिनीचा पुरावाही आंधळेपणाने घेऊन चालत नाही. पण त्याची फेरतपासणी करता येते, नवा नमुना घेऊन जुने माप दुरुस्त करता येते. हाच त्याचा मोठा गुण.

हडप्पा संस्कृतीच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी तिचा शोध जाहीर केला तेव्हा तिचे वय सांगायला मेसोपोटेमियाचाच आधार होता; तिथल्या उत्खननांत सिंधू शैलीच्या मुद्रा मिळत होत्या. मार्शल यांचा अंदाज इ.स.पू. ३२५० ते २७५० असा होता. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्बन मापनांवरून डी. पी. अग्रवाल यांनी तो इ.स.पू. २३०० ते १७५० असा खाली आणला. पुढे झाडांच्या वलयांनी दाखवून दिले की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. ती दुरुस्ती केल्यावर हडप्पाच्या ऐन बहराचा काळ इ.स.पू. २६०० ते १९०० असा आला आणि आज तोच सर्वसाधारणपणे मानला जातो. बॅबिलॉनच्या प्रश्नातही झाडेच मदतीला आली. तुर्कस्तानातील आजेमहुयुक येथील राजवाड्यात हम्मुराबीचा ज्येष्ठ समकालीन शमशी-अदाद याच्या मुद्रांचे ठसे मिळाले आहेत. त्या वाड्याच्या तुळयांची वलये आणि कार्बन यांची सांगड घालून २०१६ साली जो निष्कर्ष निघाला, त्याने टोकाचे पर्याय मागे पडले. उरले ते इ.स.पू. १७९२ चे कालमापन किंवा त्याहून फक्त आठ वर्षे अलीकडचे. शुक्राने दिलेल्या पर्यायांतला एक लाकडाने उचलून धरला.

आता आपल्या घरच्या वादाकडे. वसंतसंपात नक्षत्रांतून मागे सरकतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश, म्हणजे एक नक्षत्र ओलांडायला जवळपास ९६० वर्षे. या सूत्रावर लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांतील मृगशीर्षाचे उल्लेख तपासून इ.स.पू. ४००० च्या आसपासचा काळ मांडला. त्याच सुमारास जर्मनीत हर्मान याकोबी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोचले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात शतपथ ब्राह्मणातला एक उल्लेख पुढे आणला: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. त्यावरून त्यांनी सुमारे इ.स.पू. ३००० हा काळ काढला. टिळकांपेक्षा दीक्षितांचा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो, कारण त्यात कथेचा अर्थ लावावा लागत नाही. ते डोळ्यांनी पाहण्याजोगे वर्णन आहे. व्हिटनी आणि थिबो यांनी त्याच काळात या पद्धतीवर हरकती घेतल्या. पूर्व म्हणजे किती अंशांपर्यंत पूर्व? साधनांवाचून पाहणाऱ्याची दोन-तीन अंशांची सूट धरली तर तीन-चार शतके इकडची तिकडे होतात. शिवाय निरीक्षण जुने आणि ग्रंथ नवा असू शकतो, जसा शुक्राच्या पाटीत मजकूर जुना आणि प्रत नवी आहे. असे असले तरी दीक्षितांचे काम वाया जात नाही. तो एक मौल्यवान पर्याय आहे; त्याला जमिनीवरची जोड अजून मिळालेली नाही.

ही जोड नसेल तर काय होते ते महाभारताच्या कालनिर्णयात दिसते. ग्रहस्थितीच्या उल्लेखांवरून प. वि. वर्तक यांनी युद्धाचे साल इ.स.पू. ५५६१ काढले, तशाच पद्धतीने बी. एन. नरहरी आचार यांनी संगणकाच्या साह्याने इ.स.पू. ३०६७ काढले. ग्रंथ एक, आकाश एक, आणि उत्तरांत जवळजवळ अडीच हजार वर्षांचे अंतर. दोघांनीही कष्ट केले यात शंका नाही. पण कोणता श्लोक प्रत्यक्ष निरीक्षण मानायचा आणि कोणता अपशकुनाचे वर्णन, ही निवड आधी होते आणि संगणक मग त्या निवडीला साल देतो. संगणकाची अचूकता त्या निवडीला चिकटत नाही. आमच्या परंपरेवर अविश्वास दाखवला जातो, असे यावर काही जण म्हणतात. पण बॅबिलॉनच्या पाटीला जी कसोटी लावली तीच इथे लावली आहे. उलट कसोटी न लावणे हा त्या ग्रंथांचा अनादर होईल.

गंमत अशी नव्हे तर खरी आशा अशी, की आकाशातल्या एका प्रकारच्या वादळानेच आता अचूक तारखा मिळू लागल्या आहेत. २०१२ साली जपानच्या फुसा मियाके यांना याकू बेटावरच्या सीडर वृक्षांत इ.स. ७७४-७७५ च्या वलयात किरणोत्सारी कार्बनची अचानक उडी आढळली. बाहेरून आलेल्या अतिशक्तिमान कणांचा, बहुधा सूर्याच्या उद्रेकाचा, तो परिणाम. तशीच उडी इ.स. ९९३ च्या सुमारास आहे, आणि तिच्यावरून पुढची वलये मोजून कॅनडातल्या नॉर्स वसाहतीतील लाकूड १०२१ सालीच तोडले गेले हे सिद्ध झाले. इ.स.पू. ५२५९ च्या उडीने ग्रीसमधल्या दिस्पिलिओ या नवाश्मयुगीन वस्तीच्या खांबांची वर्षे ठरली. भारतात यासाठी लागणारी शिस्त अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सागाच्या वलयांवर काम केले आहे आणि केरळातल्या सागाची साखळी १४८१ सालापर्यंत मागे गेली आहे. उत्खननात निघणारी प्रत्येक जळकी तुळई, प्रत्येक लाकडी खांब वलयांसह जपला पाहिजे, त्याची मापे सर्वांना तपासता येतील अशी प्रसिद्ध झाली पाहिजेत. वेदकाळाबद्दल ज्यांना मनापासून आस्था आहे त्यांनी संगणकावर आणखी एक तारीख काढण्यापेक्षा या कामासाठी आग्रह धरावा.