मासे ठणठणीत, मग झिंगे का मरतात?

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरी माशांची काचेची टाकी ठेवली, की काही आठवड्यांत काचेवर शेवाळाचा हिरवट थर चढू लागतो. मग कोणीतरी सुचवते, "चार झिंगे सोडा, शेवाळ खाऊन टाकतील." बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, लालचुटूक झिंगे आणले जातात. पण पंधरा दिवसांत ते एकेक करून दिसेनासे होतात. त्याच पाण्यात मासे मात्र मजेत असतात. "झिंगे नाजूकच असतात" असे म्हणून विषय संपवला जातो.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र तो तेथे संपवू नये. पाणी तेच, टाकी तीच. मग एका प्राण्याला मानवते ते दुसऱ्याला का मानवू नये? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर श्वसन, वाढ, अन्नसाखळी आणि नायट्रोजनचक्र हे सगळे धडे एका टाकीत भेटतात. शिवाय झिंग्यांचे जीवही वाचतात.

झिंगा म्हणजे मासा नव्हे

बाजारात कोळंबी मासळीबरोबर विकली जाते खरी, पण ती मासा नाही. कोळंबी, झिंगा, खेकडा हे सारे संधिपाद प्राणी. त्यांना पाठीचा कणा नसतो. चालायचे पाय दहा, म्हणून त्यांच्या गणाला 'दशपाद' म्हणतात. माशाचा सांगाडा आत असतो, झिंग्याचा बाहेर. या एका फरकातून पुढचे बरेच काही निघते.

टाकीत सर्वांत जास्त पाळला जातो तो 'चेरी' झिंगा (निओकॅरिडिना डेव्हिडी). हा मूळचा चीन, तैवान, कोरिया या भागांतला. निसर्गात तो मळकट तपकिरी असतो; लाल रंग माणसाने निवड करकरून आणलेला आहे. मादी सुमारे ३ सेंटिमीटर लांब, नर त्याहून लहान. पुढच्या पायांच्या दोन जोड्यांना बारीक नांग्या आणि त्यांवर केसांचे झुबके असतात. या कुंचल्यांनी तो शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खरवडून खातो.

दुसरा प्रसिद्ध झिंगा 'अमानो'. ताकाशी अमानो या जपानी कलावंताने १९८०च्या दशकात आपल्या जलोद्यानांत शेवाळ खाण्यासाठी त्याचा वापर सुरू केला. याच्या अळ्यांना वाढण्यासाठी खारे पाणी लागते. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीत त्याची प्रजा वाढत नाही. चेरीचे तसे नाही. मादी २०-३० अंडी पोटाखालच्या प्लवपादांना चिकटवून तीन-चार आठवडे वागवते आणि त्यांतून थेट आईबापांसारखी दिसणारी, दोन मिलिमीटरची पिल्ले बाहेर पडतात.

आपल्या नद्यांत सापडणारी मोठी कोळंबी (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) मात्र माशांबरोबर ठेवू नये. तिचा नर ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तेथे शिकार होते ती माशांची!

कात टाकतानाचा धोका

कायटिन आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचे बाहेरचे कवच ताणत नाही. तेव्हा वाढायचे असेल तर ते टाकून देणे हाच मार्ग. झिंगा सापासारखी कात टाकतो. जुन्या कवचाखाली मऊ नवे कवच तयार होते. मग पाठीवर, शिरोवक्ष आणि उदर यांच्या सांध्यात, जुने कवच उकलते आणि एका झटक्यात प्राणी बाहेर येतो. लगेच पाणी शोषून तो फुगतो आणि नवे कवच त्या मोठ्या मापावर कडक होते. प्रौढ झिंगा साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकतो, पिल्ले त्याहून लवकर.

हे कवच कडक व्हायला कॅल्शियम लागते आणि ते बरेचसे पाण्यातूनच कल्ल्यांवाटे घेतले जाते. पाणी फारच सुफेन असेल तर कात नीट टाकली जात नाही. विहिरीचे किंवा बोअरचे थोडे दुष्फेन पाणी येथे उपयोगी पडते. माशाला या कॅल्शियमची अशी दर महिन्याला निकड नसते.

कात टाकल्यानंतर निदान दिवसभर झिंगा मऊ आणि निराधार असतो. तो लपून बसतो. लपायला जागा नसेल तर एरवी त्याच्या वाटेला न जाणारा मासाही त्याचे लचके तोडतो. "काल होता, आज नाही" याचे हे एक सरळ उत्तर आहे.

येथे एक गैरसमजही दूर करावा. टाकीच्या तळाशी पारदर्शक, पोकळ, पाठीवर उकललेले 'प्रेत' दिसले तर ती बहुधा कात असते. मेलेला झिंगा अपारदर्शक, पांढुरका-गुलाबी होतो. कोळंबी शिजवल्यावर होते साधारण तशी. कात काढून टाकू नका. झिंगे ती खातात आणि तिच्यातले कॅल्शियम परत मिळवतात.

तांबे: रक्तात हवे, पाण्यात नको

आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. झिंग्याच्या रक्तात त्या जागी हिमोसायनिन असते आणि त्यात तांबे असते. प्राणवायू मिळाला की त्याला निळसर छटा येते. म्हणजे तांब्यावाचून झिंग्याचा श्वास चालणार नाही. असे असूनही, मासे सहज सहन करतात तेवढे पाण्यातले तांबे झिंग्यांना मारून टाकू शकते. हे कसे?

हिमोसायनिनमधले तांबे प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले असते. पाण्यात विरघळलेले तांबे मोकळे असते आणि ते कल्ल्यांवर हल्ला करते. गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेर कमी. त्यामुळे क्षार सतत बाहेर झिरपतात आणि कल्ल्यांना सोडियम पुन्हा आत ओढून घ्यावे लागते. मोकळे तांबे नेमके हेच काम बंद पाडते. माशांनाही त्याचा त्रास होतो, पण लहानशा कवचधारी प्राण्यांना फारच थोडे तांबे पुरते.

हे तांबे येते कोठून? माशांच्या अंगावरील परजीवींसाठी आणि शेवाळ मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही औषधांत कॉपर सल्फेट असते. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच मोरचूद. मासा बरा होतो, झिंगे मरतात. म्हणून औषध आणले की बाटलीवरील घटक वाचावेत; आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्यावे.

दिसत नाही तो अमोनिया

मासे आणि झिंगे दोघेही कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वाळूवर व गाळणीवर वस्ती करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत घाईने सोडलेले झिंगे बहुधा याच काळात मरतात. म्हणून झिंगे सर्वांत शेवटी सोडावेत.

एकत्र ठेवायचे तर

निसर्गातला साधा नियम असा: जे तोंडात मावते ते अन्न. गोल्डफिश, एंजल, मोठे गुरामी यांच्याबरोबर झिंगे ठेवू नयेत. गप्पी किंवा झेब्रा मासा प्रौढ झिंग्याला सहसा काही करत नाही, पण पिल्ले खातो. म्हणून निम्मी टाकी दाट वनस्पतींची असावी. आपल्या परिचयाची हायड्रिला आणि जावा मॉस पिल्लांना आसरा देतात. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी वापरावी. मोटारीची गाळणी पिल्ले ओढून घेते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा हायपो वापरावा. आठवड्याला थोडेच पाणी बदलावे. माशांना खाणे बेताचे घालावे.

मुलांना सांगण्यासारखी निरीक्षणे पुष्कळ आहेत. कात केव्हा आणि किती सापडल्या याची तारीखवार नोंद ठेवा. अंडी असलेली मादी प्लवपाद हलवत का राहते? कोणी कात टाकल्यावर बाकीचे झिंगे एकाएकी सैरावैरा का पोहू लागतात? (मादी कात टाकल्यानंतरच मीलनयोग्य होते आणि पाण्यात तसा रासायनिक संकेत सोडते. नर तिला शोधत असतात.)

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. पिल्ले फार झाली म्हणून ती ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. हवाई बेटांवर, तसेच जर्मनीत वीजकेंद्राचे कोमट पाणी मिळणाऱ्या प्रवाहात हे झिंगे मोकळे होऊन स्थायिक झाले आहेत. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज आपल्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. जास्तीची पिल्ले दुसऱ्या शाळेला द्या. तेथील मुलांनाही हाच प्रश्न विचारता येईल.