‘हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालत नाही’

दोन फोन शेजारीशेजारी ठेवले आहेत, अशी कल्पना करा. पडदा सारखा, स्मृती सारखी, आतली चिपही एकाच जातीची. दोन्हींवर दूरचित्रवाणीचे एकच अ‍ॅप उघडले. एकावर सामना दिसू लागला आणि दुसऱ्यावर पाटी झळकली : ‘हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालत नाही.’ असे का व्हावे बरे? दुसरा फोन खरोखरच दुबळा आहे, की त्याला मुद्दाम दाराबाहेर उभे केले आहे?

हा प्रश्न अनेकांना प्रत्यक्ष पडला होता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे सामने (हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा त्यांचा खेळ, आपला नव्हे) फोनवर थेट दाखवण्याचे हक्क २०१० पासून व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीकडे होते. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असले की दार बंद. टॅब्लेटलाही प्रवेश नाही, कारण करार फोनपुरता होता. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे दूरचित्रवाणीचे अ‍ॅपही तिच्याच ग्राहकांसाठी होते.

आता जुन्या दूरचित्रवाणीचा विचार करा. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण १९७२ साली सुरू झाले. मनोऱ्यावरून लहरी चहूकडे पसरत. ज्याच्या छपरावर अँटेना, त्याच्या घरी चित्र. संच कोणत्या कंपनीचा आहे हे मनोऱ्याला कळण्याचा मार्गच नव्हता. अ‍ॅपचे तसे नाही. तुमचा फोन आधी दूरच्या संगणकाकडे मागणी करतो आणि मग तो संगणक चित्राच्या माहितीची लहान लहान पुडकी केवळ तुमच्या पत्त्यावर धाडतो. म्हणजे प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह! आणि मागणी आली की ‘आपण कोण?’ असे विचारता येते. सारी गंमत या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

फोन हे उत्तर अनेक प्रकारे देतो. सिमकार्डात ग्राहकाचा एक क्रमांक असतो, बहुधा १५ अंकी. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात : भारतासाठी ४०४ आणि ४०५, अमेरिकेसाठी ३१० पासून पुढचे काही. त्यानंतरचे दोनतीन अंक कंपनी सांगतात. याशिवाय माहितीची मागणी कोणत्या जाळ्यातून आली हेही पत्त्यावरून समजते. घरच्या वायफायवरून गेलेली मागणी कंपनीच्या मनोऱ्यावरून आलेली नाही, हे लगेच उघड होते.

तिसरी ओळख खुद्द यंत्राची. अँड्रॉइड फोनमध्ये ‘बिल्ड.प्रॉप’ नावाची एक साधी अक्षरांची फाइल असते. तिच्यात ‘निर्माता अमुक’, ‘मॉडेल तमुक’ अशा ओळी असतात. फोन सुरू होताना त्या वाचल्या जातात, आणि अ‍ॅपने ‘तू कोणता फोन?’ असे विचारले की तेच शब्द पुढे केले जातात. थोडक्यात, ही कपड्यावर शिवलेली नावाची चिठ्ठी आहे. चिठ्ठी बदलली की नाव बदलले!

लोकांनी नेमके हेच केले. मे २०११ मध्ये नेटफ्लिक्सचे अँड्रॉइडवरील अ‍ॅप आले, ते केवळ पाच फोनांसाठी. ज्यांचे फोन त्या यादीत नव्हते त्यांनी ती ओळ बदलून यादीतल्या फोनचे नाव लिहिले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, आणि अनेकांच्या पडद्यावर चित्र हलू लागले. फोन दुबळा नव्हता. त्याचे नाव यादीत नव्हते, एवढेच. दूरध्वनी कंपन्यांच्या अ‍ॅपवरही हाच प्रयोग झाला. काहींनी टॅब्लेटच्या पडद्याची घनता सांगणारा आकडा बदलून त्याला फोनचे सोंग दिले.

मात्र हे काम वाटते तितके निर्धोक नाही. ही फाइल ज्या भागात असते तिथे फक्त वाचण्याची मुभा असते. लिहायचे तर यंत्राचा संपूर्ण ताबा, म्हणजे ‘रूट’चा अधिकार, मिळवावा लागतो. तो मिळवण्यासाठी कुलूप उघडले की बहुतेक फोनांतली सारी माहिती पुसली जाते. एखादी ओळ चुकली किंवा फाइलची परवानगी चुकीची ठेवली, तर फोन सुरू होता होता पुन्हा पहिल्या चित्रावर येतो आणि तिथेच घुटमळतो. घरात एकच फोन असेल आणि त्याच्यातच वडिलांच्या बँकेचे व्यवहार असतील, तर हा प्रयोग करू नये, असे मी स्पष्टच सांगेन. बँकांची अनेक अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर चालायचे नाकारतात.

आणखी एक क्रमांक आहे, त्याला तर हातही लावायचा नाही. *#०६# दाबा, १५ अंक दिसतील. हा यंत्राचा जागतिक क्रमांक. तो बदलणे आपल्या देशात गुन्हा आहे. पण त्याची एक गंमत करून पाहा. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे सम स्थानांवरचे अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक एकमेकांत मिळवा (१४ चे १ + ४ = ५). मग या सर्वांत उरलेले आठ अंक मिळवा. बेरजेला १० ने पूर्ण भाग जायला हवा. शेवटचा अंक त्यासाठीच जोडलेला असतो; लिहिताना एखादा अंक चुकला तर चूक लगेच उघडकीस येते.

हे सोंग पूर्वीइतके का चालत नाही? कारण आता केवळ चिठ्ठी वाचून भागत नाही. चित्र कुलूपबंद होऊन येते आणि ते उघडण्याची किल्ली चिपच्या सुरक्षित भागात ठेवलेली असते. समोरचा संगणक नाव विचारण्याऐवजी एक कोडे घालतो. ज्याच्याकडे खरी किल्ली आहे, त्यालाच ते सुटते. नाव कितीही बदला, किल्ली काही उगवत नाही. सुरक्षित भागच नसलेल्या फोनला बहुधा कमी स्पष्टतेचे चित्र देतात. इथे मात्र ‘चालत नाही’ यात थोडे तथ्य असते, हे मान्य केले पाहिजे.

यंत्र आपले, पैसे आपले, मग त्यातली एक ओळ बदलण्याचा हक्क कोणाचा? अमेरिकेत जुलै २०१० मध्ये असा निर्णय झाला की आपल्या फोनवर हवे ते अ‍ॅप चालवण्यासाठी त्याची कुलपे उघडणे हा प्रताधिकाराचा भंग नव्हे. पण ज्या कार्यक्रमाचे पैसे भरलेले नाहीत तो पाहण्याची मुभा त्याने मिळाली नाही. या दोन गोष्टींत गल्लत करणारे पुष्कळ भेटतात. वर्गात यावर वाद घालून पाहा. दोन्ही बाजूंना वकील मिळतील.

व्हेरायझनचा तो एकाधिकार संपल्याची घोषणा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. २०१८ च्या जानेवारीपासून तेच सामने कोणत्याही कंपनीच्या सिमकार्डावर, आणि टॅब्लेटवरही, दिसू लागले. यंत्रांत काडीचाही बदल झाला नव्हता.