बिनतारी इअरफोन आणि आपले खासगी बोलणे

स्वारगेटजवळ, सारसबागेसमोरील सणस मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांच्या कानांत आज बिनतारी इअरफोन दिसतात. आपले काही माजी विद्यार्थीही त्यांत आहेत. धावताना तो पडतो का, घामाने बिघडतो का, एवढी चौकशी खरेदीच्या वेळी सारेच करतात. त्यातून जाणारे बोलणे सुरक्षित आहे का, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

आम्हांला हा प्रश्न वसतिगृहात पडला. एका मुलाने आपला इअरफोन मित्राला वापरायला दिला व नंतर परत घेतला. रविवारी मित्राच्या आईचा फोन आला आणि घरच्या कर्जाचे बोलणे या मुलाच्या कानात पडले. यात कुणाची लबाडी नव्हती. एकदा जोडणी झालेल्या फोनची किल्ली इअरफोन जपून ठेवतो व तो फोन जवळ आला की न विचारता त्याला जोडला जातो. मुलाने ते बोलणे कुणाला सांगितले नाही, हे त्याचे मोठेपण, यंत्राचे नव्हे.

या तंत्राला ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजावरून मिळाले. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे विषयांतर क्षम्य असावे. फोन व इअरफोन यांच्यातील संदेश हवेतून जातो, म्हणून तो सांकेतिक करावा लागतो. त्यासाठीची किल्ली किती लांब असावी, हे दोन्ही उपकरणे आपसांत ठरवतात. नेमक्या याच क्षणी तिसऱ्याला मध्ये शिरून 16 बाइटची किल्ली 1 बाइटवर आणता येते, असे संशोधकांनी 2019 साली दाखवून दिले. सोळा बाइटच्या किल्लीच्या शक्यता 39 आकडी संख्येइतक्या असतात, एका बाइटच्या अवघ्या 256. पुढे किमान 7 बाइटची शिफारस करण्यात आली; तथापि जुन्या उपकरणांना ती आपोआप लागू होत नाही.

जून 2025 मध्ये जर्मन संशोधकांनी तैवानच्या ऐरोहा कंपनीच्या चिपमधील तीन दोष उघड केले. या चिप अनेक नामांकित कंपन्यांच्या इअरफोनांत असतात. सुमारे दहा मीटरच्या आत असलेल्या जाणकाराला जोडणीशिवाय त्यांत शिरता येत होते; काही परिस्थितीत मायक्रोफोनमधून आजूबाजूचे बोलणेही ऐकता येत होते. अर्थात त्यासाठी मोठे कौशल्य लागते आणि सामान्य माणसाच्या मागे कुणी सहसा लागत नाही. परंतु स्वारगेट स्थानकावर एसटीची वाट पाहताना दहा मीटरच्या आत किती माणसे उभी असतात, हे आपण सारे जाणतो. तेथे आम्ही फोनमधील ब्लूटूथची यादी उघडली, तर काहींनी आपल्या फोनला स्वतःचे पूर्ण नाव दिलेले आढळले.

घर व कागदपत्रे यांची विनाकारण झडती होऊ नये, हा हक्क बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले.

म्हणून खरेदीपूर्वी पाहावे ते हे, की कंपनी इअरफोनच्या अंतर्गत प्रणालीची सुधारित आवृत्ती देते का. पदपथावरील बिननावाच्या मालाला ती बहुधा मिळतच नाही. कंपनीचे ॲप संपर्कयादी मागत असेल तर नकार द्यावा. गाणे ऐकण्यासाठी तिची गरज नसते. इअरफोन उसना दिला असेल, तर परत आल्यावर मूळ स्थितीत आणावा आणि मित्राच्या फोनमधील त्याची नोंदही पुसायला सांगावी.