छिन्नमनस्कता आणि आत्मसन्मान

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) या मनोविकाराची लक्षणे आणि रुग्णाचा आत्मसन्मान यांचा परस्परसंबंध हा चिकित्सा मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. आत्मसन्मान म्हणजे व्यक्तीने स्वतःच्या योग्यतेचे केलेले एकंदर मूल्यमापन. ते मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांची १० विधानांची श्रेणी (१९६५) मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

लक्षणांशी संबंध

नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होणे ही या विकाराची धन लक्षणे होत. उत्साह, संभाषण व भावनांची अभिव्यक्ती ओसरणे ही ऋण लक्षणे होत. छळाच्या समजुतींविषयी दोन मते आहेत. रिचर्ड बेंटॉल यांच्या मते अपयशाचा दोष इतरांवर टाकून मन आत्मसन्मान राखू पाहते. डॅनियल फ्रीमन व फिलिपा गॅरेटी यांच्या मते आधीचीच चिंता व न्यूनभाव या समजुतींतून व्यक्त होतात.

ऋण लक्षणांना घरात अनेकदा आळस समजले जाते व रुग्णाला बोल लावला जातो. क्रिस्टीन बॅरोक्लफ व सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२००३) कुटुंबीयांची टीका, रुग्णाचे स्वतःविषयीचे प्रतिकूल मत आणि धन लक्षणांची तीव्रता यांचा संबंध आढळला.

आजाराची जाण व आत्मकलंक

आपण आजारी आहोत हे रुग्णाने ओळखणे उपचारांना साहाय्यक ठरते. परंतु तीच जाण नैराश्यही आणू शकते. पॉल लायसेकर, डेव्हिड रो व फिलिप यानोस यांनी २००७ मध्ये या विरोधाभासाची उकल मांडली. समाजाने लावलेला 'वेडा' हा शिक्का रुग्णाने स्वतःही स्वीकारला, की त्याला आत्मकलंक म्हणतात. आजाराची जाण असूनही आत्मकलंक कमी असलेल्यांचा आत्मसन्मान व आशा तुलनेने टिकून असल्याचे त्यांना आढळले. म्हणजेच हानी केवळ आजार कळल्याने होत नाही. त्याला जोडलेल्या अर्थाने होते.

उपाययोजना

औषधे लक्षणे आटोक्यात आणतात. आत्मसन्मानासाठी बोधनात्मक वर्तनोपचार, स्वमदत गट, रोजगार आणि कुटुंबाचे प्रशिक्षण यांचीही जोड दिली जाते. जपानमध्ये २००२ साली 'मन दुभंगल्याचा आजार' या अर्थाचे जुने नाव बदलण्यात आले. कलंक घटवणे हा त्यामागील एक हेतू होता. महाराष्ट्रात जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्ण व कुटुंबीयांसाठी कार्य करते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने हा आजार मराठी प्रेक्षकांसमोर आणला.